भांडी कोण पाडतं?

‘आज भांडी फार पडली गं.’ रात्री साडेनऊच्या सुमारास मराठी स्वयंपाकघरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. पाऊस पडतो, थंडी पडते, तशी भांडीही पडतात. या वाक्यात भांडी पाडणारा कुठेच दिसत नाही. कोणी तरी अकरा वाजता चहा टाकलेला असतो, मुलांनी मधल्या वेळी मॅगी करून खाल्लेली असते, पाहुण्यांसाठी सरबताचे पेले बाहेर निघालेले असतात. तरीही भांडी आपोआप पडतात. ती घासणाऱ्या बाईलासुद्धा कोणी पाडली हे विचारायची सवय राहिलेली नाही.

चौघांच्या घरातल्या साध्या वरण-भात-भाजी-पोळीचा हिशेब मांडून पाहावा. कुकर, त्यातली दोन भांडी, झाकण, शिटी, रबरी रिंग. भाजीची कढई, तिचं झाकण, उलथनं. परात, पोळपाट, लाटणं, तवा, पोळ्यांचा डबा. फोडणीची पळी, डाव, किसणी, सुरी, कोशिंबिरीचं भांडं. मग ताटं, वाट्या, पेले, चमचे. सकाळी गेलेले डबे परत आलेले असतात, चहाचं भांडं, गाळणं, कप आणि दुधाचं पातेलं असतंच. पन्नासचा आकडा सहज गाठला जातो, आणि हे पक्वान्न नसलेल्या दिवशी.

पण घासणाऱ्याचा जीव या संख्येने मेटाकुटीला येत नाही. पन्नास भांडी हातावेगळी करणारी बाई एखाद्याच ताटापाशी थांबते आणि नख वापरते. तिथे भात वाळलेला असतो.

शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ, चिकट होतो. ताट तसंच ठेवलं की पाणी उडून जातं, स्टार्चचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि शिताचं चक्क खापर होतं. हेच ताट जेवून उठताना नळाखाली धरलं असतं तर शितं बोटानेही निघाली असती. जेवणाऱ्याचे दहा सेकंद वाचले आणि घासणाऱ्याची तीन-चार मिनिटं गेली, असा हा व्यवहार दर जेवणाला होतो. चार ताटं, दोन वेळा. वर्षाचे किती तास होतात ते ज्याने त्याने मांडून पाहावं.

ताटातच हात धुण्याची जुनी सवय आठवते. अनेक घरांत आजोबा जेवण झालं की तांब्यातलं पाणी ताटात ओतून त्यातच हात धुवत. पुढच्या पिढ्यांना ते गावंढळ वाटलं, अन्नाचा अपमान वाटला, आणि बेसिनवर जाऊन हात धुणं सुरू झालं. ते बरंच झालं. पण त्या सवयीत एक सोय होती, ताट आपोआप भिजत पडायचं. आता हात बेसिनवर स्वच्छ होतात आणि ताट टेबलावर कोरडं पडतं. रीत बदलताना तिच्या पोटातली सोय हरवली आणि ती भरून काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुधाच्या पातेल्याचं शास्त्र वेगळं. तळाला लागलेलं दूध म्हणजे मुख्यतः प्रथिनं, आणि प्रथिनं उष्णतेने आणखी घट्ट बसतात. म्हणून त्यावर आधी गार पाणी घालावं लागतं. अंड्याच्या ताटलीचंही तसंच. तूपकट कढईला मात्र गरम पाणीच हवं. आजी-पणजींना रेणू-प्रथिनं ही नावं ठाऊक नव्हती, पण कोणतं भांडं कशाने भिजवायचं हे पक्कं ठाऊक होतं. दुधाच्या पातेल्याची खरवड तर त्या आधी काढून मुलांच्या हातावर ठेवत, म्हणजे पातेलंही निम्मं साफ व्हायचं आणि मूलही खूश. हे ज्ञान होतं. ते कोणत्याही पाकपुस्तकात सहसा सापडत नाही, कारण पाकपुस्तक ‘गरमागरम वाढा’ इथे संपतं. त्यानंतरचा तास कोणाच्याच लेखी नसतो.

बारीकसारीक वैताग तर किती सांगावेत! चहाचं गाळणं चोथ्यासकट सिंकमध्ये टाकलं जातं, मग तो चोथा वाट्या-पेल्यांना चिकटतो आणि शेवटी जाळीत अडकून पाणी तुंबतं. मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली खोबऱ्याची चटणी वाळते. तिथे बोट जात नाही, घासणी जात नाही. दोन चमचे आमटी मोठ्या पातेल्यासकट फ्रिजमध्ये जाते, कारण ती वाटीत काढली तर पातेलं घासावं लागेल. सुरी फेसाच्या पाण्यात तळाशी लपते आणि हात कापतो. ऑफिसचा डबा पिशवीतच राहतो आणि शुक्रवारची मेथी सोमवारी सकाळी उघडली जाते. यातलं प्रत्येक कृत्य अगदी किरकोळ आहे, म्हणूनच त्याबद्दल बोलायची चोरी. ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ असं कोणी विचारलं की सांगणारीच क्षुद्र ठरते. भांड्याला भांडं लागायचंच, ही म्हण घरच्या कुरबुरींवर पांघरूण घालायला फार वेळा वापरली गेली आहे. मुळात त्यातल्या कितीतरी कुरबुरी खरोखरच्या भांड्यांवरूनच असतात, याकडे मात्र लक्ष दिलं जात नाही.

जुन्या घरांत भांडी परसात किंवा मोरीत, उकिडवं बसून घासली जात. हाताशी चुलीतली राख, नारळाची शेंडी, चिंचेचा कोळ. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओल्या राखेचा हा क्षार तेला-तुपाशी मिसळला की साबणासारखं काम करतो आणि तिचे बारीक कण घासायलाही उपयोगी पडतात. तांब्या-पितळेवर चढलेला काळपट थर चिंचेतल्या टार्टारिक आम्लात विरघळतो. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवी. म्हणून कल्हईवाला दारावर यायचा, भाता लावायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे एवढ्याशा कोळशावर काम भागायचं. पांढऱ्या धुराचा तो वास ज्यांना आठवतो ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे.

मग स्टील आलं. बोहारणीने जुन्या लुगड्यांच्या आणि पँटींच्या बदल्यात घरोघर स्टीलच्या वाट्या-डबे पोचवले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको. उभा ओटा आला, मोरीच्या जागी सिंक आलं, गुडघ्यांची सुटका झाली. राखेच्या जागी पावडर, मग वडी, मग बाटलीतलं लिक्विड आलं. पितळेच्या उरलेल्या भांड्यांसाठी पीतांबरी आली. वस्तू एवढ्या बदलल्या, पण सिंकपाशी उभं कोण हे बदललं नाही.

घासणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक घरांत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच आहे. काथ्याची शेंडी झटकली की वाळायची आणि झिजली की चुलीत जायची. स्पंज ओला राहतो, अन्नाचे कण पोटात धरून ठेवतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घरोघरच्या वापरातले १४ स्पंज तपासले. त्यांत काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये ५४ अब्जांपर्यंत जीवाणू आढळले. हे सगळेच जीवाणू घातक नसतात, घाबरून जायचं कारण नाही. पण घासणीला कुबट वास येईपर्यंत ती वापरायची आणि मग त्याच घासणीने बाळाची वाटी घासायची, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. घासणी पिळून उभी ठेवणं आणि ठरावीक दिवसांनी बदलणं, एवढं पुरतं. ती बदलायची वेळ झाली हे घरातल्या किती जणांना कळतं, हा प्रश्न मात्र उरतो.

पाण्याचा मुद्दा महाराष्ट्रात टाळून चालणार नाही. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं भारतीय मानकात धरलेलं आहे, आणि त्याची फोडही दिली आहे : आंघोळीला ५५ लिटर, शौचालयाला ३०, कपड्यांना २०, घर धुण्या-पुसण्याला १०, पिण्याला आणि स्वयंपाकाला पाच-पाच, आणि भांडी घासायला १०. म्हणजे चौघांच्या घरात भांड्यांना दिवसाचे ४० लिटर. पूर्ण सोडलेल्या नळातून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी सहज जातं. नळ चालू ठेवून, साबण लावतानाही धार तशीच ठेवून भांडी घासली तर पाच-सहा मिनिटांत दिवसाचा कोटा संपतो. नंतर वाहतं ते शेजारच्या तालुक्याच्या वाट्याचं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. १३५ लिटरच्या मापाने पाहिलं तर ते चार हजार माणसांनाही एक दिवस पुरलं नसतं. टंचाईत राहिलेल्या घरांना भांडी घासण्याची जी रीत माहीत असते, ती शहरांनी शिकून घ्यावी अशीच आहे. खरकटं आधी पूर्ण निपटून काढायचं. सगळ्यांत आधी पेले आणि वाट्या, मग ताटं, शेवटी तेलकट कढई. एका टोपात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळण्याचं, आणि वरून शेवटचा हात तांब्याभर स्वच्छ पाण्याचा. पहिल्यांदा विसळलेलं, बिनसाबणाचं पाणी झाडांना. यात कसब आहे. आधी कढई घासून त्याच घासणीने पेला घेतला की पेल्यावर तेलाचा तवंग चढतो आणि दोन्हींचं पाणी वाया जातं, हे एकदा हाताने केल्याशिवाय समजत नाही.

भांडी धुण्याच्या यंत्राने हे पाणी वाचतं का? युरोपातल्या एका अभ्यासाचं उत्तर होय असं आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना बारा जणांच्या जेवणाची भांडी हाताने धुवायला दिली गेली. सरासरी १०३ लिटर पाणी आणि ७९ मिनिटं लागली. तेवढ्याच भांड्यांना यंत्राने साधारण १५ लिटर घेतले. अर्थात ती भांडी तिकडची, आणि त्या माणसांच्या हाताशी भरपूर नळाचं पाणी. बादलीभर पाण्यात सगळी भांडी काढणाऱ्या माणदेशातल्या बाईला त्या प्रयोगशाळेत नेलं असतं तर ही सरासरी बरीच खाली आली असती.

या यंत्राची कुळकथा सांगण्यासारखी आहे, कारण तिचा उगमच एका घरगुती वैतागात आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाई राहत होत्या. घरच्या जुन्या, मोलाच्या चिनी मातीच्या बशा धुताना नोकरांकडून टवके उडायचे. त्या वैतागातून त्यांनी तारांचे कप्पे असलेला पिंजरा, तांब्याची टाकी आणि गरम पाण्याचे फवारे अशी रचना ठरवली. १८८३ मध्ये नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि मग हौसेचं काम पोटापाण्याचं झालं. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हे यंत्र मांडलं गेलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. पहिली गिऱ्हाइकं हॉटेलं होती. घरांत ते रुळायला आणखी अर्धं शतक लागलं, कारण घरातल्या बाईचा वेळ वाचवायला पैसे मोजावेत असं तिकडेही लवकर वाटलं नाही.

मराठी घरांत हे यंत्र खऱ्या अर्थाने बोलण्याचा विषय झालं ते मार्च २०२० नंतर. टाळेबंदीत कामाला येणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या आणि पंधरा दिवसांत मध्यमवर्गाला कळलं की आपल्या घरात एवढी भांडी पडतात. डिशवॉशरची मागणी वाढली ती तेव्हा. त्याआधी ‘आपल्या कढईला ते चालत नाही’ हे उत्तर ठरलेलं होतं. त्यात तथ्य आहेही. बीड्याचा तवा आणि लोखंडी कढई त्यात घातली की गंजते. अॅल्युमिनियमचा कुकर यंत्राच्या क्षारयुक्त पावडरीने काळा पडतो. पितळ आणि लाकडी लाटणं तर नकोच. जड पाण्याच्या गावात वेगळं मीठ भरत राहावं लागतं, नाहीतर पेल्यांवर पांढरे डाग बसतात. पण ताटं, वाट्या, पेले, डबे, स्टीलची पातेली म्हणजे सिंकमधला बराचसा ढीग त्यात जातो. ज्या घरात टीव्ही पाच वर्षांनी बदलला जातो आणि डिशवॉशर मात्र चैन ठरतो, त्या घरात कोणाच्या वेळेला किती किंमत आहे हे निराळं सांगावं लागत नाही.

वेळेचा हिशेब आता सरकारी कागदावरही आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या दर १०० स्त्रियांमधल्या ८१ जणी घरातलं बिनमोबदल्याचं काम करत होत्या. दर १०० पुरुषांमध्ये जेमतेम २६. काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. दोन्ही आकडे उतरले, पण त्यांच्यातली दरी जवळपास जिथल्या तिथे राहिली. टाळेबंदीत घरी बसून भांडी घासल्याचे फोटो पाठवणारे पुरुष या आकड्यांत कुठे गेले, असा प्रश्न पडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘विम’ने पुरुषांसाठी म्हणून काळ्या बाटलीतल्या लिक्विडची जाहिरात केली. मिलिंद सोमण त्यात होते. त्यावर बरीच टीका झाली. कंपनीने सांगितलं की बाटली गमतीची आहे, पण पुरुषांनी घरकामाची जबाबदारी घ्यावी हे गांभीर्याने म्हटलं आहे. त्या जाहिरातीत खरं बोट ठेवलं होतं ते बढाईवर. एक दिवस भांडी घासली की ती चार जणांना सांगायची, हा अनुभव घराघरांत आहे. ‘मी तिला मदत करतो’ या वाक्यातला ‘मदत’ हा शब्द काम कोणाचं हे आधीच ठरवून टाकतो. स्वतः जेवलेलं ताट विसळणं ही कोणाला केलेली मदत कशी होईल?

पुरुषांना हे जमत नाही असं तर मुळीच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारचा आहार झाला की मुलं-मुली रांगेने नळावर जातात आणि आपापली ताटली धुतात. सात वर्षांचा मुलगाही धुतो. संध्याकाळी तोच मुलगा घरी ताट तिथेच सोडून उठतो, कारण शाळेत जे सगळ्यांचं काम असतं ते घरी आईचं होतं. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरची उष्टी भांडी घासायला सुखवस्तू पुरुष बाह्या सरसावून उभे राहतात. तिथे ती सेवा असते. गांधीजींच्या आश्रमांत ज्याचं भांडं त्याने घासायचं, हा नित्यक्रम होता. हात तेच, भांडी तीच. घराच्या उंबऱ्याच्या आत येताना नेमकं काय बदलतं?

बदलतो तो ‘उष्टं’ या शब्दाचा अर्थ. दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावणं कमीपणाचं, ही समजूत फार खोल गेलेली आहे, आणि तिच्यामागे जातीची उतरंड आहे. पूर्वी अनेक सोवळ्या घरांत उष्टी काढायची ती सुनांनी नाहीतर घरातल्या विधवा बाईने. घासायला येणारी बाई घासलेली भांडी मागच्या दारी पालथी घालून जायची आणि घरातली कोणी तरी ती पुन्हा पाण्यातून काढून आत घ्यायची. तिच्या हातांनी स्वच्छ झालेलं भांडं तिच्याच हातांमुळे विटाळलेलं मानलं जायचं. आज असं उघडपणे कोणी करत नाही, पण मावशींच्या चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला अजूनही दिसतो. तो पाहिला की संताप येतो, आणि यायलाच हवा.

मावशींच्या बाजूने या सगळ्या किरकोळ सवयी किरकोळ राहत नाहीत. त्या दिवसाला चार-पाच घरं करतात. एका घरातलं रात्रभर वाळलेलं कुकरचं भांडं, दुसऱ्या घरातला करपलेला टोप, तिसऱ्या घरातली पाहुण्यांची वीस ताटं. एका घरी दहा मिनिटं जास्त गेली की पुढच्या घरी उशीर, आणि तिथली बोलणी. पगार महिन्याचा ठरलेला. भांडी किती पडतील ते ठरलेलं नाही. दिवसभर पाण्यात आणि साबणात राहून बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, नखांच्या कडा सुजतात, पावसाळ्यात त्या चिघळतात. हातमोजे घ्यावेत असं म्हटलं तर ते आणायचे कोणी, यावर घरमालकीण आणि मालक दोघेही गप्प होतात.

या बायका गप्प बसलेल्या नाहीत, हेही नोंदवायला हवं. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, रजा, वागणूक या मागण्या होत्या. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २८ वर्षं गेली. तो २००८ चा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्याला रीतसर मान्यता दिलेली नाही. कायदा आणि करार यांची वाट बघत असताना रात्री कुकरच्या भांड्यात पाणी घालून ठेवायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

‘रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत, लक्ष्मी रुसते’ असं घरोघरी सांगितलं गेलं. झुरळं, मुंग्या, उंदीर होऊ नयेत हा त्यातला शहाणपणाचा भाग. पण या नियमाने जिने सकाळी सहाला गॅस पेटवला तिलाच रात्री दहाला सिंकपाशी उभं केलं, आणि बाकीच्यांना निजायला मोकळं सोडलं. नियम ठेवायचा तर तो घरातल्या सगळ्यांसाठी ठेवावा. आज एकाने, उद्या दुसऱ्याने. स्वयंपाक ज्याने केला त्याला त्या रात्री भांडी माफ. काही घरांत हे फ्रिजवर कागद चिकटवून सुरू झालेलं आहे. पहिला महिना कटकटीचा जातो, मुलं वार विसरतात, कढई नीट निघत नाही. मग एक गंमत होते. भात खरवडून काढायची पाळी ज्याच्यावर आली तो दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांच्या ताटांकडे लक्ष ठेवतो. ‘पाणी घाला रे ताटात’ हे वाक्य आईऐवजी त्याच्या तोंडून येतं.

अशा घरांतही एक गोष्ट अजून कागदावर चढलेली दिसत नाही. भांडी घासून होतात, पालथी घातली जातात, ओटा पुसला जातो, दिवा मालवला जातो. सिंकच्या भोकावरच्या जाळीत मात्र भाताची शितं, कोथिंबिरीचे देठ, चहाचा चोथा आणि मोहरीचे दाणे साचलेले असतात. ती जाळी उचलून ओल्या कचऱ्याच्या डब्यावर आपटायला पाच सेकंद लागतात. बुळबुळीत लागते, म्हणून पाळी असलेला तिच्याकडे न बघता निघून जातो. सकाळी सहा वाजता चहाचं आधण ठेवायला आलेली बाई दिवा लावते आणि पाण्याने भरलेलं सिंक बघून आधी बाही वर करते.